फुकटच्या फिटिंगची किंमत

"हा बी लावून दे ना भाऊ, घरी नुसता पडून हाये."

कार डेकोरच्या दुकानासमोर गाडी लागते, डिक्की उघडते आणि नव्या वूफरच्या खोक्यामागून जुन्या चादरीत गुंडाळलेला दुसरा एक वूफर निघतो. तो कुणा मामाच्या विकलेल्या गाडीतला असतो, नाहीतर भंगारातून स्वस्तात उचललेला. एक बारा इंची, दुसरा दहा इंची. एकाचा कागद हातात असतो, दुसऱ्याचं लेबल कधीच निघून गेलेलं. अ‍ॅम्प मात्र एकच. वाशीम असो, कारंजा असो की रिसोड, लग्नसराईच्या तोंडावर असं गिऱ्हाईक यायचंच. दुकानातला पोरगा दोन्हींच्या वायरी सोलतो, लाल लालला आणि काळी काळीला पिळतो, वर टेप मारतो. गाणं लागतं, काचा थरथरतात. "वाजून राह्यलं ना, मंग झालं!" फिटिंगचे वेगळे पैसे बहुधा लागत नाहीत. माल दुकानातून घेतला की फिटिंग फुकट, ही आपल्याकडची रीतच पडून गेली आहे.

या रीतीविषयी बोलायला हवं. पिळलेल्या त्या दोन वायरींमध्ये नेमकं काय घडलं, हे त्या क्षणी कुणीही मोजलेलं नसतं. मोजायला एखादं मिनिट लागतं आणि दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर लागतो. पण त्या मिनिटाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, म्हणून कारागीर ते मिनिट खर्च करत नाही. पुढे अ‍ॅम्प जळतो, वूफरची कॉइल जाते, कधी वायरीतून धूर निघतो. तेव्हा दोष मालाला दिला जातो, कंपनीला दिला जातो, नशिबाला दिला जातो. फुकटच्या फिटिंगकडे कुणी बोट दाखवत नाही.

हिशोब तसा अवघड नाही. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'धाराविद्युत' नावाचा पाठ आहे, त्यात तो आहे. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते आणि समांतर जोडणीत एकूण रोध सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमी होतो. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता गेऑर्ग ओहम यांनी केलेल्या प्रयोगांतून हा नियम निघाला आणि १८२७ साली छापून आला. वाशीम जिल्ह्यातल्या हजारो मुलांनी ही गणितं परीक्षेत सोडवली आहेत. फक्त त्या वहीतला रोध आणि डिक्कीतला वूफर एकच आहेत, हे त्यांना कुणी दाखवलं नाही.

एक उदाहरण नीट जवळून पाहू. समजा, जुना बारा इंची वूफर ४ ओहमचा आहे, एकाच कॉइलचा. नवा दहा इंची दोन कॉइलचा आहे आणि त्याची प्रत्येक कॉइल २ ओहमची. अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की २ ओहमच्या खाली जाऊ नका. पोरगा नव्या वूफरच्या दोन्ही कॉइल समांतर जोडतो, म्हणजे तो १ ओहमचा झाला. त्यालाच समांतर जुना ४ ओहमचा जोडला. एकूण रोध आला ०.८ ओहम. अ‍ॅम्पला झेपतो त्याच्या अडीचपट प्रवाह आता त्याच्याकडे मागितला जातोय. शिवाय त्या प्रवाहाची वाटणीही सारखी नाही. शक्तीचे पाच वाटे केले तर चार नव्याकडे जातात आणि एक जुन्याकडे. जुना वूफर नुसता डोलत राहतो, नवा तापतो आणि अ‍ॅम्पवर लाल दिवा लागतो.

आता तेच दोन वूफर, तोच अ‍ॅम्प आणि त्याच वायरी घ्या. फक्त नव्या वूफरच्या दोन कॉइल एकसर जोडा. २ आणि २ मिळून ४ ओहम झाले. त्याला समांतर जुना ४ ओहमचा जोडला की एकूण बरोबर २ ओहम. अ‍ॅम्प हद्दीत राहिला आणि शक्ती दोघांत निम्मी निम्मी वाटली गेली. एक पैसा जास्त लागला नाही. बितभर वायरीची जागा तेवढी बदलली. ०.८ आणि २ या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच त्या न मोजलेल्या मिनिटाची किंमत.

हे शेतकऱ्याला सांगायला वेळ लागत नाही. हरभऱ्याला तुषार लावताना त्याने ते रोज पाहिलेलं असतं. मोटर तेवढीच ठेवून एकाच लाइनवर नोझल वाढवत गेलं की फवारा बसतो. मोठ्या तोंडाची नोझल लहान तोंडाच्या नोझलांमध्ये बसवली तर पाणी तिच्याकडेच पळतं आणि बाकीच्यांच्या वाट्याला ठिबकणंच उरतं. कमी ओहम म्हणजे मोठं तोंड. कुठल्या लाइनवर किती नोझल आणि कुठल्या मापाच्या, हे शेतकरी मोटर चालू करण्याआधी ठरवतो. तोच माणूस दुकानात आल्यावर मात्र न विचारता दोन वूफर लावून मागतो, कारण तिथे हा प्रश्न असतो हेच त्याला माहीत नसतं.

अ‍ॅम्पवरचा लाल दिवा हे खरं तर नशीब. बऱ्या अ‍ॅम्पमध्ये संरक्षणाची सोय असते, जास्त प्रवाह मागितला की तो स्वतःला बंद करून घेतो. स्वस्तातल्या मालात ही सोय असेलच असं नाही. तिथे आतले ट्रान्झिस्टर जातात आणि काही जातीच्या अ‍ॅम्पमध्ये ते जाताना थेट डीसी वीज वूफरकडे सोडून देतात. मग कॉइल काही क्षणांत करपते. तो वास एकदा आला की विसरता येत नाही, जळक्या व्हार्निशचा आणि डिंकाचा. कागदी कोन हाताने हलकेच आत दाबला की आतून खरखर जाणवते. दुकानदार तो दाबून पाहतो आणि मान हलवतो. जळलेली कॉइल वॉरंटीत बसवून घेणं सहसा जमत नाही.

ओहम जुळले म्हणजे जोडी जुळली असंही नाही, आणि इथेच कारागिरीचा खरा भाग सुरू होतो. आपल्या उदाहरणातला जुना वूफर सतत १५० वॅट सोसतो आणि नवा ५०० वॅट. शक्ती निम्मी निम्मी वाटली जाते, म्हणून जुन्याला १५० मिळेपर्यंतच आवाज वाढवता येतो. त्याच्या पुढे गेलं की जुना मरतो. म्हणजे ५०० सोसणाऱ्या नव्या वूफरलाही १५० वरच थांबावं लागतं. एका जुवाला एकीकडे तरणा खोंड आणि दुसरीकडे थकलेला बैल जुंपला तर तास थकलेल्याच्याच चालीने निघतं, आणि खोंडाच्या मानेला उगाच रग लागते. पोळ्याला जोडी सजवणाऱ्या गावात हे कुणाला समजावून सांगायला नको.

खोक्यावर छापलेला आकडाही फसवतो. '१२०० वॅट मॅक्स' अशी मोठी अक्षरं असतात, आणि सतत सोसायची शक्ती, जिला आरएमएस म्हणतात, ती खाली बारीक अक्षरांत २५० किंवा ३०० अशी लिहिलेली असते. हिशोब नेहमी या बारीक आकड्यावर करायचा. एवढं कळलं तरी निम्मं नुकसान टळेल.

मग येतो स्वराचा प्रश्न. भजनी मंडळात पखवाज वाजवायच्या आधी त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक लावतात. कणीक जास्त झाली तर आवाज आणखी खाली उतरतो, खरवडून काढली तर वर चढतो. पखवाजी बोटाने थाप मारून, कान देऊन ती नेमकी करतो. वूफरचंही असंच आहे. कोन जड असेल तर त्याचा स्वाभाविक स्वर खाली असतो, हलका असेल तर वर. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या गोष्टी आकड्यांत बांधून दिल्या. कोनाचा स्वाभाविक स्वर किती, त्याच्या मागे हवा किती हवी, पेटी केवढी असावी हे त्यामुळे आधीच काढता येतं. चांगल्या वूफरच्या कागदावर हे सगळे आकडे छापलेले असतात. बारा इंचीला लागते तेवढी हवा दहा इंचीला दिली, किंवा एकाच पेटीत मध्ये फळी न घालता दोन्ही बसवले, तर जोरकस कोन पेटीतली हवा ढकलून दुसऱ्या कोनाला नाचवतो. दोघे एकमेकांशी झुंजतात. बाहेर येतो तो गढूळ आवाज, ज्यात तबल्याचा बायां आणि ट्रकचं इंजिन यांत फरक करता येत नाही. एका पेटीला भोक आणि दुसरी बंद असेल तर काही स्वरांना एक कोन पुढे येत असताना दुसरा मागे जातो आणि तेवढे स्वर हवेतच विरून जातात. मालक म्हणतो, बेस कमी पडतोय. आणि तिसरा वूफर विकत घेतो.

तिसऱ्याने फरक पडत नाही, कारण कान हिशोबाचा पक्का आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम कळण्याइतका. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी शक्ती दहापट लागते. नुसतं नीट जोडून आणि पेटी जुळवून जेवढा बेस मिळतो, तेवढा पुष्कळदा आणखी हजारो रुपये ओतूनही मिळत नाही.

वायरीविषयी थोडं सांगायला हवं, कारण इथे प्रश्न जिवाचा होतो. गाडी चालू असताना विजेचा दाब १४ व्होल्टच्या आसपास असतो. डी वर्गाचा १००० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात वाजवायचा तर त्याला सुमारे ९० अँपिअर लागतात, जुन्या एबी वर्गाच्या अ‍ॅम्पला १२५च्या वर. लहान गाडीचा अल्टरनेटर मात्र बहुधा ६० ते ९० अँपिअरचा असतो आणि त्यातच हेडलाइट, पंखा, इंजिन सगळं भागवायचं असतं. बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होताना दिसतात, ते यामुळे. ट्रॅक्टरवर तर अनेकदा ३५ ते ४० अँपिअरचाच अल्टरनेटर असतो. तरीही सीटमागे दोन वूफर आणि डोक्यावर चार स्पीकर बसवलेले ट्रॅक्टर रस्त्याने दिसतात. नांगरटीच्या लांबलचक दिवसात गाणं सोबतीला हवं, हे कुणालाही समजण्यासारखं आहे. पण त्या बॅटरीची काय दशा होते, हे सकाळी ट्रॅक्टर चालू होईना की कळतं.

बॅटरीपासून डिक्कीपर्यंत जाड वायर न्यायची तर बॅटरीजवळ, वीतभर किंवा फार तर हातभर अंतरावर, फ्यूज हवाच. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून वायर काढताना रबरी बुशी हवी. ती नसेल तर गाडी खड्ड्यातून जाताना पत्रा वायरीचं साल घासत राहतो. एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं, बॅटरी तिथे शेकडो अँपिअर ओतते आणि फ्यूज नसेल तर ते थांबवायला कुणी नसतं. वायरही अस्सल तांब्याची हवी. स्वस्तात मिळणारी बरीच वायर आतून अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. ती वीज वाहून नेते, पण शुद्ध तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच. सोलून चाकूने खरवडलं की आतला पांढरा रंग दिसतो. ही तपासणीही अर्ध्या मिनिटाची.

समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो आणि तिथे गाड्या १२० किलोमीटर वेगाने धावतात. त्या वेगाला डॅशबोर्डखालून धूर आला, तर बाजूला घ्यायला मिळणारा वेळ किती असतो याचा विचार फिटिंग करणाऱ्याने आणि करून घेणाऱ्याने दोघांनीही करावा.

गाडीच्या डिक्कीतून हा विषय बाहेर पडतो तो लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत. पिकअपवर नाहीतर छोट्या हत्तीवर वूफरची भिंत उभी राहते. विदर्भात तिला डीजे म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात डॉल्बी. हे दुसरं नाव रे डॉल्बी या अभियंत्याचं आहे. त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली आणि टेपमधला सूं-सूं आवाज कमी करण्याचं तंत्र शोधलं. आवाजातला कचरा काढण्यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचं नाव आपल्याकडे भिंती हादरवणाऱ्या गोंगाटाला चिकटलं, याचं वाईट वाटतं. त्या गाडीवरची जोडणीही बरीचशी डिक्कीसारखीच होते. या हंगामात चार वूफर घ्यायचे, पुढच्या हंगामात दुसऱ्याचे जुने चार त्यात घालायचे आणि सगळे समांतर जोडून जनरेटर चालू करायचा. आवाज गढूळ झाला की मालक तो वाढवतो. जो जोर स्वच्छ बेसमध्ये जायला हवा होता, तो नुसत्या थरथराटात जातो आणि ती थरथर पुढच्या घराच्या भिंतीवर आदळते. साताऱ्यात २०१४च्या गणेश विसर्जन मिरवणुकीत जुनी भिंत कोसळून तिघांचा जीव गेला, तेव्हा सगळ्यांचं बोट डॉल्बीच्या हादऱ्यांकडे गेलं होतं.

कायदा याबाबत मुका नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढाच चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५च्या जुलैमध्ये या नियमांना भक्कम आधार दिला. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६मध्ये त्यांची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितली. २०१८च्या गणेशोत्सवात डीजे आणि डॉल्बीवरची बंदी उठवायला याच न्यायालयाने नकार दिला.

पण मोजण्यातच एक उणीव राहिली आहे आणि तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. नियमांतले डेसिबल 'ए' चाळणीने मोजायचे असतात. ही चाळणी माणसाचा कान हळू आवाज कसा ऐकतो, त्यावरून बेतलेली आहे. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ती खर्ज चाळून टाकते. ५० हर्ट्झच्या, म्हणजे वूफरच्या ऐन भरातल्या स्वराला ती सुमारे ३० डेसिबल कमी दाखवते. तिथे प्रत्यक्षात १०५ डेसिबलचा नुसता खर्ज वाजत असला, तर यंत्रावर ७५च उमटतात. छातीत ठोके बसत असतात, खिडकीची काच वाजत असते, पाळण्यातलं मूल दचकून रडत असतं आणि आकडा मात्र खूपच कमी दिसतो. आवाज मोठा असताना कान खर्ज जवळजवळ पूर्णच ऐकतो. त्या स्थितीसाठी 'सी' नावाची दुसरी चाळणी आहे. ५० हर्ट्झला ती जेमतेम सव्वा डेसिबल कमी करते. बऱ्याच ध्वनिमापकांवर 'ए' आणि 'सी' अशी दोन्हींची सोय एकाच बटणावर असते. मिरवणुकीतला आवाज दोन्ही चाळण्यांनी मोजून नोंदवावा, एवढा एक बदल नियमांत केला तरी वूफरच्या भिंतीचं खरं माप कागदावर येईल. दुकानात ओहम मोजत नाहीत आणि रस्त्यावर खर्ज मोजत नाहीत. दोन्हीकडे न मोजण्याची सवय एकच.

कानाचं गणितही तितकंच पक्कं आहे. ८५ डेसिबलला आठ तास, ८८ला चार, ९१ला दोन असं करत १००ला जेमतेम पंधरा मिनिटं, हा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा जगभर वापरला जाणारा एक दंडक. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली संगीताच्या कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. काचा बंद करून डिक्कीतले दोन वूफर वाजवणारा पोरगा वाशीमहून अकोल्याला पोहोचेपर्यंत ही पंधरा मिनिटं कितीदा संपवतो, हे त्याने एकदा मोबाइलमधल्या साध्या ध्वनिमापकावर पाहावं. तो आकडा अगदी अचूक नसेल, पण भान यायला पुरेसा आहे.

हे वाचून कुणी असा अर्थ काढू नये की गाडीत गाणं नको किंवा बेस नको. खर्ज ही आपल्याकडची जुनी आवड आहे. जिल्ह्यातल्याच पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं, त्याचं ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि त्या दिवशी तिथे खरा नगाराही वाजला. नगाऱ्याच्या कातड्याला ऊब दाखवून तो ताणावर आणणारा माणूस आणि पखवाजाला कणीक लावणारा माणूस, दोघेही वाजवण्याआधी जुळवतात. जुळवणं हाच त्यांच्या कलेतला पहिला अर्धा भाग आहे आणि त्यासाठी गावाने त्यांना नेहमी वेळ दिला आहे. वूफर बसवणाऱ्या पोराला तो वेळ कुणी दिला नाही. त्याच्या हातात कसब आहे. दरवाजाचं आतलं पॅनेल एकही चाप न मोडता काढणं, सीटखालून वायर अशी नेणं की दिसू नये, हे तो दोन-चार महिन्यांत शिकतो. त्याला कमी पडतो तो एक मीटर आणि तो वापरायला लागणारी सवड.

ही सवड पैशानेच मिळेल. मोजणी आणि जोडणी यांचा वेगळा दर लावायला दुकानदारांनी सुरुवात केली पाहिजे आणि गिऱ्हाइकाने तो कुरकुर न करता दिला पाहिजे. लोक मोटर रिवाइंडिंगचे पैसे देतात, बोअरला पाणी किती खोल ते पाहायचे पैसे देतात. हजारो रुपयांच्या अ‍ॅम्पला जीवदान देणाऱ्या मोजणीला शे-दोनशे द्यायला हरकत कसली? "हे दोन वूफर जुळत नाहीत, एक विका आणि एकच नीट लावा," असं सांगणाऱ्या कारागिराला तर दुप्पट पैसे द्यावेत. त्याने स्वतःच्या धंद्याचं थोडं नुकसान करून गिऱ्हाइकाचं मोठं नुकसान वाचवलेलं असतं. आणि दोन्ही ठेवायचेच असतील, तर दोघांना दोन वेगळ्या पेट्या आणि अ‍ॅम्पचे दोन वेगळे चॅनेल द्यायचे, म्हणजे प्रत्येकाचा जोर वेगळा लावता येतो. हेही त्यानेच सांगायचं.

शिक्षणाची सोय नव्याने उभारायची गरज नाही. शासकीय आयटीआयत इलेक्ट्रिशियन, वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालतात. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातून सुरू झालेल्या आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रांतून राज्यातल्या एक हजार महाविद्यालयांत १५ ते ४५ वयाच्या तरुणांना लहान मुदतीचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला आणि २०१८पासून तो देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथल्या पोरांना रोजगार हवा, हे प्रत्येक सभेत सांगितलं जातं. गाडीच्या विजेचं काम हा आज तालुक्यातालुक्यांत चालू असलेला रोजगार आहे. त्यासाठी दोन-तीन आठवड्यांचा एक अभ्यासक्रम आखावा. त्यात मल्टिमीटर, एकसर-समांतर जोडणी, वायरीची जाडी, फ्यूज आणि पेटीचं माप एवढं शिकवलं तरी भरपूर होईल. इलेक्ट्रिक गाड्या येत आहेत, त्यांत विजेचा दाब शेकडो व्होल्टचा असतो. न मोजता वायर पिळायची सवय घेऊन हीच मुलं उद्या त्या गाड्यांवर हात ठेवणार असतील, तर आजच थांबून शिकवलेलं बरं.

शिकवायला अगदी पहिल्या दिवशी घेता येईल असा एक प्रयोग आहे. जुना वूफर टेबलावर उताणा ठेवायचा. मल्टिमीटर ओहमवर लावून त्याच्या दोन्ही टोकांना टेकवायचा. ३.४च्या आसपास आकडा आला तर तो ४ ओहमचा वूफर, कारण मीटरवर नेहमी थोडं कमीच दिसतं. मग भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढायचा आणि त्याच्या दोन टोकांना दोन वायरी क्षणभर लावायच्या. कोन बाहेर उचलला गेला, तर सेलच्या अधिक टोकाशी आलेली तीच वूफरची अधिक बाजू. आत गेला, तर लेबल काहीही म्हणो, ती बाजू उलटी आहे. शेजारी दुसरा वूफर ठेवून तेच करायचं. दोघांचे कोन एकाच वेळी बाहेर आले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत असा जोडला गेला, तर दोघेही खपतात आणि बेस कुठेच ऐकू येत नाही. मार्करने पेटीच्या आतल्या बाजूला ओहम, आरएमएस वॅट आणि तारीख लिहायची. तीच ओळ बिलावर उतरवायची. पुढच्या हंगामात हा वूफर दुसऱ्याच्या चादरीत गुंडाळून दुसऱ्या दुकानात जाईल, तेव्हा तिथल्या पोराला तो अनोळखी राहणार नाही.

तुळशीचं लग्न उरकलं की मुहूर्त लागतील, सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतील आणि दुकानांसमोर पुन्हा डिक्क्या उघडतील. त्याआधी एखाद्या दुकानदाराने भिंतीवरच्या दरपत्रकात एक ओळ वाढवावी, 'मोजणी व जोडणी', आणि तिच्यापुढे मोठ्या अक्षरांत आकडा लिहावा.